कॉलेजचा टंच कसा काढायचा?

(कोलकात्यातल्या मराठी खातेदारांपुढे दिलेलं भाषण)



मी निवृत्त बँक कर्मचारी. आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आणि बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांचे पैसे मोजले. आज मात्र बचत खातं, ठेव, विमा यांबद्दल बोलणार नाही. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी जो प्रश्न घेऊन तुमच्यापैकी कोणी ना कोणी माझ्याकडे येतं, त्याबद्दल बोलणार आहे. तो प्रश्न असा: "सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही. जवळ एक खासगी कॉलेज आहे, फी परवडते. घालू का पोराला?"

समोर बसलेल्यांत बरेच जण विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले आहेत. गलाईच्या, म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी तुमचे वाडवडील इथं आले. कोणी बडाबाजारात बसलं, कोणी हावड्याला, कोणी पार बजबजला. तुमच्या धंद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. गिऱ्हाईक जुना दागिना घेऊन येतं आणि सांगतं, "बावीस कॅरेट आहे." तुम्ही त्याला खोटं म्हणत नाही आणि खरंही धरत नाही. आधी टंच काढता, मग पैसे देता.

मग माझा प्रश्न असा आहे: एका अंगठीसाठी टंच काढणारा माणूस मुलाच्या शिक्षणावर पाच लाख घालताना नुसतं माहितीपत्रक बघून पैसे कसे भरतो?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. बजबजच्या बाजूला छोटं दुकान असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बजबज तुम्हाला माहीत आहे. सियालदहहून लोकल धरली की शेवटचं स्टेशन. तेलाच्या टाक्या, ज्यूट गिरण्या, विजेचं केंद्र असं कष्टकऱ्यांचं गाव. तिथं २००९ पासून बजबज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे खासगी अभियांत्रिकी कॉलेज आहे, आणि कोलकात्याच्या आसपास तशी आणखी बरीच आहेत. मी आज कुठल्याच कॉलेजची शिफारस करत नाही आणि कुठल्याही कॉलेजला नावं ठेवत नाही. पुढं जे आकडे सांगेन ते हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, ते कुठल्या एका कॉलेजचे नाहीत.

ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, पोरीला इंजिनियर व्हायचंय. जादवपूरला नंबर लागत नाही. मेव्हणा म्हणतो पुण्याला पाठवा, तिथल्या कॉलेजचं नाव मोठं. ही म्हणते घराजवळच्या कॉलेजात जाते. मला एवढंच कळतं की गावाकडचं रान गहाण टाकायचं नाही."

मुलगी गप्प होती. मी तिला विचारलं, "तुला जवळचं कॉलेज का पाहिजे?" ती म्हणाली, "काका, तिथली फी कमी आहे ना."

तिला म्हटलं, हे कारण अर्धंच आहे. फी हा खर्चाचा एक भाग झाला. आणि कमी फी ही चांगली गोष्ट आहे की नाही, हे त्या फीच्या बदल्यात काय मिळतं त्यावर ठरतं. आधी खर्च मांडू.

आम्ही कागद घेतला. जवळचं कॉलेज: वर्षाची फी ९० हजार, परीक्षा आणि नोंदणी वगैरे ८ हजार, पुस्तकं, जाणं-येणं, किरकोळ १५ हजार. वर्षाचे झाले १ लाख १३ हजार. चार वर्षांचे ४ लाख ५२ हजार. लॅपटॉपचे ४८ हजार धरले, एकूण ५ लाख.

लांबचं कॉलेज: फी १ लाख ४० हजार, वसतिगृह आणि मेस १ लाख १० हजार, परीक्षेचे ८ हजार, पुस्तकं आणि वर्षातून दोनदा घरी यायचं-जायचं मिळून ३० हजार. वर्षाचे २ लाख ८८ हजार, चार वर्षांचे ११ लाख ५२ हजार. लॅपटॉप धरून १२ लाख.

बघा मंडळी, दोन कॉलेजांच्या फीमध्ये फरक होता वर्षाला ५० हजारांचा, चार वर्षांत २ लाखांचा. पण प्रत्यक्षात फरक निघाला ७ लाखांचा. बाकीचे ५ लाख राहण्या-खाण्याचे आणि प्रवासाचे. म्हणून पहिला नियम: नुसत्या फीची तुलना करू नका, चार वर्षांच्या एकूण खर्चाची करा. आणि घरून जाणाऱ्या मुलीसाठी एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज असा रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास मोफत मिळतो. कॉलेजचं पत्र लागतं. खूप जणांना हे माहीतच नसतं.

आता कर्ज. त्यांच्याकडे शिल्लक होती ३ लाख. म्हणजे जवळच्या कॉलेजसाठी कर्ज २ लाख, लांबच्यासाठी ९ लाख. बहुतेक बँकांत ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांच्या वर गेलं की साधारणपणे तारण मागतात. म्हणजे ९ लाखांना रान आलंच. बापाला ज्याची भीती होती, तेच.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटतं व्याजही नसतं. व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. १० टक्के सरळव्याज धरा, दर वर्षाच्या सुरुवातीला चौथा हिस्सा उचलला असं धरा. पाच वर्षांनी २ लाखांचे होतात २ लाख ७० हजार, ९ लाखांचे होतात १२ लाख १५ हजार. ते सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर पहिल्याचा हप्ता महिना साधारण ४,५०० रुपये, दुसऱ्याचा २०,००० च्या वर. नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरीच्या पगारातून यातला कुठला हप्ता जाईल, हे तुम्हीच सांगा. शिक्षण चालू असतानाच महिन्याचं व्याज थोडंथोडं भरत गेलात तर हा डोंगर उभाच राहत नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, मग जवळचं स्वस्त कॉलेजच बरं. थांबा. आता माझी स्वतःची चूक सांगतो.

बँकेत असताना माझ्या टेबलावर एका मुलाचं कर्जप्रकरण आलं. बाप हमाली करायचा. कॉलेज खासगी, फी अगदी कमी. मी प्रवेशपत्र बघितलं, फीचा तक्ता बघितला, उत्पन्नाचा दाखला बघितला, आणि त्यांना सांगितलं, "काळजी करू नका, शिक्षण चालू असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं." केंद्राची तशी योजना आहे, घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल तर. पण २०१८ पासून तिला एक अट आहे: कॉलेजला नॅकचं किंवा त्या अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन पाहिजे. ते नव्हतं. ते बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. त्यात मुलगा दोनदा नापास झाला, चारची पाच वर्षं झाली. एक दिवस त्याचा बाप काउंटरवर आला आणि एवढंच म्हणाला, "साहेब, व्याज सरकार भरतंय असं तुम्हीच म्हणाला होता." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी टंच काढल्याशिवाय कुणाला "परवडतं" असं म्हणत नाही.

तर टंच कसा काढायचा? सहा गोष्टी आहेत. वहीत लिहून घ्या.

पहिली, मान्यता. अभियांत्रिकी कॉलेजला एआयसीटीईची मान्यता लागते आणि विद्यापीठाची संलग्नता लागते. इथल्या बहुतेक खासगी अभियांत्रिकी कॉलेजांची संलग्नता मौलाना अबुल कलाम आझाद तंत्रज्ञान विद्यापीठाशी आहे. चालू वर्षाची मान्यता आहे का आणि तुमच्या मुलाला हवी असलेली शाखा त्यात आहे का, हे संकेतस्थळावर स्वतः बघा. कॉलेजच्या भिंतीवरची चौकट बघून समाधान मानू नका.

दुसरी, मानांकन. नॅक पूर्ण कॉलेजला मानांकन देते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. कॉलेज म्हणतं, "आमच्याकडे एनबीए आहे." विचारा, "कुठल्या शाखेला? कधीपर्यंत?" मेकॅनिकलचं मानांकन कॉम्प्युटरच्या पोराला उपयोगी नाही.

तिसरी, किती मुलं वेळेत पास होतात. हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. चार वर्षांपूर्वी साठ जण आले असतील, तर त्यांतले किती जण चार वर्षांत बाहेर पडले? एक वर्ष वाढलं की एका वर्षाचा खर्च वाढतो आणि एका वर्षाचा पगार जातो. स्वस्त कॉलेज महाग होतं ते इथं.

चौथी, नोकऱ्या. "नव्वद टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेलं असतं. नव्वद टक्के कशाचे? प्रवेश घेतलेल्यांचे, की कंपनीच्या परीक्षेला बसू दिलेल्यांचे? सगळ्यांत मोठा पगार विचारू नका, तो एकाच मुलाचा असतो. पगारांच्या उतरंडीत बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारा. तुमचं मूल बहुधा त्या मधल्या मुलासारखं असणार.

पाचवी, शिकवणारी माणसं. सुट्टी नसलेल्या दिवशी, न सांगता जा. तिसऱ्या वर्षाची मुलं चहाच्या टपरीवर भेटतील. त्यांना विचारा, गेल्या वर्षी शिकवणारे सर या वर्षी आहेत का? प्रयोगशाळेतली यंत्रं चालतात का? कमी फीच्या कॉलेजांत प्राध्यापक टिकत नाहीत, ही नेहमीची अडचण आहे. काही कॉलेजं त्यातूनही चांगली माणसं टिकवून धरतात. टपरीवरची पोरं खरं सांगतात.

सहावी, फीचा पूर्ण तक्ता. चारही वर्षांचा, लेखी. विकास निधी, गणवेश, प्रशिक्षण, अनामत, सगळं धरून. ज्याची पावती मिळत नाही तो पैसा देऊ नका. आणि प्रवेश रद्द केला तर काय, तेही आधी वाचा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश सोडला, तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वगळून पूर्ण फी परत मिळते. मग जसजसा उशीर होतो तसतशी कपात वाढते, आणि त्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच मिळत नाही. मूळ गुणपत्रिका, दाखले कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत.

आता दोन्ही पारडी भरू. परवडणाऱ्या खासगी कॉलेजच्या बाजूनं काय आहे? कर्ज कमी राहतं. मूल घरचं जेवतं, आजारी पडलं तर घरी असतं. संलग्न कॉलेज असेल तर पदवी विद्यापीठाचीच मिळते. गेटची परीक्षा, सरकारी भरती, यांना पदवी मान्यताप्राप्त असली की पुरते, कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. विरुद्ध बाजूला काय आहे? पहिल्या नोकरीच्या वेळी नावाचं वजन कमी पडतं. मोठ्या कंपन्या कमी येतात. सोबतची मुलं फार अभ्यास करणारी नसतील तर आपलंही सैल पडतं. म्हणजे अशा कॉलेजात मुलाला स्वतःहून जास्त ओढावं लागतं. ज्याला मागं लागून अभ्यासाला बसवावं लागतं, त्याच्यासाठी हे कॉलेज स्वस्त ठरेलच असं नाही.

खासगी म्हणजे वाईट, असंही धरू नका. आपल्या सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं सुरू झाली. त्याआधी आपली पोरं डोनेशन भरून कर्नाटकात जायची. त्या खासगी कॉलेजांतून शिकून हजारो घरं वर आली. काही कॉलेजं नावाला आली, काही रिकामी पडली. सरकारी की खासगी एवढ्यावर त्यांचं ठरलं नाही, आत काय शिकवलं जातं त्यावर ठरलं.

तुम्हा परमुलखात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ही फार महत्त्वाची. तुमचा धंदा इथं, पण कागद सगळे गावचे. रेशनकार्ड गावचं, आधारवर पत्ता गावचा. सवलती मात्र कागदावर मिळतात. बंगालचं स्टुडंट क्रेडिट कार्ड २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात १० लाखांपर्यंत कर्ज, ४ टक्के सरळव्याजानं आणि फेडायला १५ वर्षं. पण त्यासाठी बंगालमध्ये दहा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तुम्ही पंचवीस वर्षं इथं आहात, पण पुरावा काय? विजेचं बिल, भाडेकरार, मुलांच्या शाळेचे दाखले आजपासून एका पिशवीत गोळा करा. उलट, महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे, पण तिथं महाराष्ट्राचा अधिवास आणि तिथल्या प्रवेशप्रक्रियेच्या अटी आहेत. महाराष्ट्राचा जातीचा दाखला बंगालच्या राखीव जागेला चालत नाही. म्हणून बारावीला बसायच्या आधीच ठरवा की कुठल्या राज्याचे कागद पुरे करायचे. दोन दगडांवर पाय ठेवला की दोन्हीकडची सवलत जाते.

मान्यताप्राप्त कॉलेजांत काही जागा फीमाफीच्या असतात, मंजूर जागांच्या वर पाच टक्के, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी. त्या गुणवत्तेवर भरतात. प्रवेशाच्या अर्जात तो रकाना रिकामा सोडू नका. २०२४ मध्ये आलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या मुलांना विनातारण कर्ज मिळतं. तिच्या यादीत आपलं कॉलेज आहे का, तेही बघून ठेवा.

पैसा कुठून काढायचा? आधी आवर्ती ठेव आणि मुदत ठेव. सुकन्या खातं असेल तर मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. मग बँकेचं कर्ज. भिशी उचलून फी भरू नका, सावकाराकडे तर जाऊच नका. आणि दुकानातल्या सोन्याला हात लावू नका. ते गिऱ्हाइकाचं असतं. सहा महिन्यांचा घरखर्च आणि आजारपणाचा पैसाही बाजूला राहू द्या. फी भरली आणि दुसऱ्या महिन्यात घरात कोणी आजारी पडलं, की पोराचं शिक्षणच आधी सुटतं.

आता त्या मुलीचं काय झालं, ते सांगतो. बाप-लेक दोन कॉलेजं न सांगता बघून आले. एका ठिकाणी फी दहा हजारांनी कमी होती, पण तिच्या शाखेला मानांकन नव्हतं. मुलीनंच ते नको म्हटलं. दुसरं घरापासून लोकलनं जाण्यासारखं होतं, तिथं तिनं प्रवेश घेतला. २ लाखांचं कर्ज मंजूर करून घेतलं, आतापर्यंत त्यातलं १ लाख २० हजारच उचललं, आणि महिन्याचं व्याज बाप भरतो. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला होता, तो काढला. नोकरी लागेल का, कुठं लागेल, आज कोणीच सांगू शकत नाही. पण गावाकडचं रान जागेवर आहे, आणि उद्या नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला तरी त्या घराची झोप उडणार नाही.

मंडळी, जाताना प्रत्येकानं एक कोरा कागद घेऊन जा. फी भरायच्या आदल्या रात्री तो घरात सगळ्यांनी मिळून भरा. डाव्या बाजूला चार वर्षांचा खर्च, उजव्या बाजूला त्या सहा प्रश्नांची उत्तरं, खाली कर्जाचा हप्ता. मुलाला नाही तर मुलीला शेजारी बसवा, आकडे त्यांच्याच हातानं लिहू द्या. कुठलं उत्तर मिळालं नसेल तर ती जागा रिकामी ठेवा, आणि ती भरल्याशिवाय पैसे भरू नका.